लोणार: खाऱ्या तळ्याकाठचं गोड्या पाण्याचं गाव

अकोल्याहून दक्षिणेला निघालं की पातूरच्या पुढे घाट लागतो आणि वऱ्हाडाची जमीन एकदम वर चढते. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडाचे दोन भाग सांगितलेले असत: पूर्णेच्या खोऱ्यातला पयानघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट. अमरावती, अचलपूर, अकोला खाली. बुलडाणा, मेहकर, वाशीम वर. या वरच्या पठारावर, मेहकरच्या दक्षिणेला, लोणार आहे. जिल्हा बुलडाणा, महसुली विभाग अमरावती. गावाला खेटूनच जमिनीत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर आहे आणि त्याच्या तळाशी हिरवट, खारं तळं.

खाऱ्या पाण्याचं नवल वऱ्हाडाला सांगायला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणूनच ओळखला जातो. तिथल्या विहिरीचं पाणी ना प्यायच्या कामाचं ना ओलिताच्या. शेतकरी पावसावर मूग, कापूस आणि मागाहून हरभरा काढतो. एके काळी अकोला जिल्ह्यात दहीहांड्याच्या बाजूला अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठही पिकवलं जात होतं. पण तिथला खारटपणा पूर्णेच्या खोल गाळात मैलोगणती पसरलेला आहे. लोणारचा मात्र एका विवरात कोंडलेला आहे, आणि त्याच विवराच्या काठावर बारमाही गोड्या पाण्याची धार वाहते. खारं आणि गोडं इतकं शेजारी कसं, या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला की लोणारचा भूगोल उलगडतो, इतिहास उलगडतो आणि आजची अडचणही कळते.

विवर पडलं कसं

लोणारच्या पायाखालचा खडक दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. ज्वालामुखीच्या खडकात गोल विवर दिसलं की ते ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं वाटणं साहजिक होतं. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक भूशास्त्रज्ञ तसंच मानत. काहींच्या मते जमिनीखाली कोंडलेल्या वाफेचा स्फोट झाला होता, तर काहींच्या मते पोकळीवरचं छत खचलं होतं. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचं साम्य असल्याचं नोंदवलं. गंमत अशी की ते ॲरिझोनाचं विवरही उल्कापाताचं नसून वाफेच्या स्फोटाचं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे तो चुकीचा ठरला. साम्याची नोंद मात्र बरोबर निघाली.

ज्वालामुखीच्या मताला मोठी अडचण अशी होती, की दख्खनचा लाव्हा निवून कोट्यवधी वर्षं लोटली होती आणि विवराच्या कडा मात्र अजून ताज्या होत्या. आघाताची शंका १९६० च्या दशकात उघडपणे मांडली गेली. निर्णायक पुरावा मिळाला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्यात छिद्रं पाडून खालचा खडक वर काढला तेव्हा. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. गाळाखालच्या भंगलेल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची स्फटिकरचना न वितळताच मोडते आणि काचेसारखा पदार्थ उरतो. तेच हे मॅस्केलिनाइट. इतका दाब पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्वालामुखीत तयार होत नाही. आकाशातून आलेल्या आणि सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आदळलेल्या गोळ्याच्या धडकेतच तो संभवतो. हा गोळा शंभर मीटरांहूनही कमी व्यासाचा असावा असा अंदाज आहे. विवर त्याच्या कितीतरी पट मोठं पडलं, कारण काम केलं ते वेगाने.

त्या एका क्षणात उडालेला खडक चहूकडे जाऊन पडला. विवराच्या कडेला उचलली गेलेली जमीन आणि तिच्यावर पडलेला हा राडारोडा मिळून आजूबाजूच्या पठारापेक्षा वीस-तीस मीटर उंच कडं तयार झालं. काठावरून खालच्या पाण्यापर्यंतची उंची सुमारे १३७ मीटर. पाण्याखाली सुमारे शंभर मीटर गाळ साचलेला आहे. खरा भंगलेला तळ त्याच्याही खाली.

हे कधी घडलं, यावर मात्र दोन उत्तरं आहेत. आघातात वितळून काच झालेल्या खडकाचं उष्मादीप्ती पद्धतीने मोजलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं आणि तेच माहितीफलकांवर व पाठ्यपुस्तकांत रुजलं. २०११ मध्ये आरगॉन या वायूच्या समस्थानिकांवरून मोजलेलं वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, म्हणजे दहापटीहून अधिक. उष्मादीप्तीचं घड्याळ खडक पुन्हा तापला किंवा त्यातला साठा गळाला तर मागे पडू शकतं, म्हणून आज आरगॉनच्या आकड्याकडे अधिक कल आहे. लोणारला गेल्यावर कुणी ‘बावन्न हजार वर्षं’ असं ठामपणे सांगितलं, तर दुसराही आकडा आहे हे ध्यानात असू द्यावं.

आणखी एक समजूत दुरुस्त करायला हवी. लोणार हे जगातलं एकमेव किंवा तिसऱ्या क्रमांकाचं मोठं उल्काविवर आहे, असं सर्रास छापलं जातं. पृथ्वीवर सिद्ध झालेली आघातविवरं दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांतली कित्येक लोणारपेक्षा मोठी आहेत. भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ ही दोन्ही विवरं लोणारहून मोठी आहेत. बेसॉल्टमधली विवरं ब्राझीलमध्येही आहेत, पण ती फार जुनी आणि झिजलेली. बेसॉल्टमधलं तरुण आणि उत्तम टिकलेलं विवर मात्र लोणारचंच. चंद्रावरच्या काळ्या मैदानांचा आणि मंगळाच्या पृष्ठभागाचा बराच भाग बेसॉल्टचाच असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. एवढं वैशिष्ट्य पुरेसं आहे. त्याला खोट्या क्रमांकाची गरज नाही.

पाणी खारं का

आता पाण्याकडे वळू. विवराचा आकार काठ असलेल्या वाडग्यासारखा आहे. पावसाचं पाणी उतारावरून आत येतं. कड्यातल्या भेगांतून झिरपलेलं भूजल झऱ्यांच्या रूपाने आत येतं. बाहेर जायला मात्र एकही ओढा नाही. पाण्याला एकच वाट: वाफ होऊन वर. या भागात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उघड्या पाण्याचं बाष्पीभवन त्याहून कितीतरी जास्त असतं.

वाफ जाते ती शुद्ध पाण्याची. पाण्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. पावसाचं पाणी जमिनीतून झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसॉल्टमधली खनिजं हळूहळू विरघळवतं. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. झऱ्याच्या पाण्यात ते इतके थोडे असतात की जिभेला कळत नाहीत. पण हजारो वर्षं तेच पाणी आत येऊन आटत राहिलं, की आधी कॅल्शियमचा चुना होऊन तो तळाशी बसतो आणि पाण्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड साचत जातात. म्हणून लोणारचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा निराळं आहे. ते खारट आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे, म्हणजे हाताला बुळबुळीत लागणारं. त्याचा सामू साधारण साडेनऊ ते साडेदहा. अशा तळ्यांना सोडा सरोवरं म्हणतात. आफ्रिकेतली मागादी आणि नेट्रॉन ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणं.

गोडं पाणी भूजलाच्या रूपाने कड्यातून सतत येत असल्यामुळे काठावर ते गोडंच मिळतं. ईशान्येच्या बाजूला, गावाला लागून, गोमुखातून पडणारी ‘धार’ बारा महिने वाहते. आत रामगया आणि पापहरेश्वर ही आणखी पाण्याची ठिकाणं आहेत. तळ्याच्या काठावर कमळजादेवीच्या देवळाजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं गावातले लोक सांगतात. त्यात चमत्कार मानायचं कारण नाही. कड्याकडून येणारं भूजल आणि तळ्याकडून झिरपणारं खारं पाणी जिथे भेटतात, नेमकी तिथे ती आहे.

थोडक्यात, लोणारचं तळं म्हणजे जमा-खर्चाची चोख वही आहे. पाणी जमा होतं, तेवढंच वाफ होऊन खर्ची पडतं आणि शिल्लक म्हणून क्षार राहतात. ही शिल्लकच गावाच्या इतिहासाला कारण झाली.

खार, देव आणि महसूल

पुराणकथेत इथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने दैत्यसूदन रूप घेऊन त्याला मारलं. गावाच्या मधोमध दैत्यसूदनाचं देऊळ आहे. ताऱ्याच्या आकाराची मांडणी, काळ्या पाषाणातलं दाट कोरीवकाम आणि काळोख्या सभामंडपातलं शिल्पखचित छत असलेलं हे देऊळ वऱ्हाडातल्या हेमाडपंती वास्तूंत अव्वल मानलं जातं. ते चालुक्य-यादवकालीन, म्हणजे साधारण बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचं. विवराच्या आत काठाकाठाने आणखी देवळं आहेत: कमळजादेवी, रामगया, शंकर-गणेश, वाघमहादेव, मोरमहादेव. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा भरते. गोड्या पाण्याच्या जागा आणि देवळांच्या जागा ताडून पाहिल्या, की यांतली अनेक देवळं झऱ्याच्या जवळपास बांधलेली दिसतात. यात्रेकरूला स्नान लागतं आणि पुजाऱ्याला प्यायला पाणी.

ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये लोणारचा ‘शोध’ लावला, असं नेहमी लिहिलं जातं. त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची दखल घेतलेली आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आलं, तेव्हा लोणार मेहकरच्या सरकारात होतं. अबुल फजल दोन गोष्टी नोंदवतो. एक, ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात आणि ती मोठं तीर्थ आहे. दुसरी, इथे काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ आणि सोरा मिळतो आणि त्याच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं. एका बादशाही दफ्तराने तीर्थ आणि महसूल शेजारी-शेजारी लिहून ठेवले, आणि लोणारचा निम्मा इतिहास त्यातच आला.

खार काढण्याची रीत हवामानावर बेतलेली होती. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या चिखलावर आणि उथळ पाण्यात क्षारांची साय धरायची. ती गोळा करून वाळवत. शुद्धतेप्रमाणे आणि रूपाप्रमाणे मालाच्या जाती ठरलेल्या होत्या: दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. यातलं काही साबणाला जायचं, काही बांगड्यांच्या काचेला, काही कापडाचा रंग पक्का करायला, तर काही पापडखार म्हणून घरोघरच्या पापडांत. कापसाच्या या मुलखात रंगाऱ्याला खार लागायचाच. मोगल गेले, निजाम आले, १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तरी तळ्यातल्या खाराकडे प्रत्येक राजवटीची नजर राहिली.

हा धंदा मोडला तो रसायनशास्त्रामुळे. १८६० च्या दशकात युरोपात मीठ आणि चुनखडीपासून सोडा करण्याची सॉल्वे पद्धत निघाली आणि कारखान्यातला सोडा स्वस्त झाला. पुढे १९३९ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि देशातच मोठ्या प्रमाणावर सोडा बनू लागला. उन्हाळाभर चिखल तुडवून मिळणाऱ्या दल्ल्याला मग बाजार उरला नाही. तळ्याने गावाला पोसण्याचे दिवस संपले.

गाळातली मान्सूनची नोंद

धंदा संपला आणि विज्ञानाची वर्दळ वाढली. बंद विवरात साचलेला गाळ कुठे वाहून जात नाही. वर्षामागून वर्षांचे थर एकावर एक पडतात. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळ्यातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला आणि गेल्या अकरा हजार वर्षांतला मान्सून वाचला. त्यातली नेमकी खूण म्हणजे गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक. पाणी फार आटलं आणि क्षार फार दाटले, तरच ते तयार होतात. असे स्फटिक दोन काळांच्या थरांत सापडले: सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. मध्य भारतात तेव्हा पाऊस दीर्घकाळ रुसलेला होता. यातला पहिला काळ सिंधू संस्कृतीच्या उताराशी जवळपास जुळतो, म्हणून या गाळाला जगभरात मोल आलं.

पाण्यातलं जीवनही असंच खाराला सरावलेलं. तळ्याचा हिरवा रंग मुख्यतः नीलहरित जीवाणूंचा. ‘स्पिरुलिना’ या नावाने गोळ्यांतून विकला जाणारा प्रकार त्यांतलाच. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, माजले होते. पावसाने पाणी वाढलं, खारटपणा उतरला आणि रंगही गेला.

बिघडलेला हिशेब

१९७९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्थळ ठरवलं. २००० मध्ये अभयारण्य झालं. त्याचा कारभार मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अकोला वन्यजीव विभागाकडे आहे. २०२० मध्ये रामसर यादीत नाव लागलं. महाराष्ट्रातली ही नांदूरमधमेश्वरनंतरची दुसरी रामसर पाणथळ जागा. कागदावरचं संरक्षण भरपूर आहे. प्रश्न आहे तो पाण्याच्या हिशेबाचा.

गाव विवराच्या अगदी काठावर. नळ आले, लोकसंख्या वाढली, सांडपाणी वाढलं, आणि उतार आतच जातो. आसपासच्या शेतांतली खतं पावसाबरोबर उतरतात. परिसरात पाणी अडवून जिरवलं जातं, तेही भूजलातून झिरपत विवरात येऊ शकतं. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी इतकी वाढली, की काठावरचं कमळजादेवीचं देऊळ पाण्याने वेढलं गेलं. एखाद्या दुष्काळी तालुक्यात पाणी वाढलं तर आनंद व्हायचा. इथे उलट आहे. गोडं पाणी जास्त झालं की खार पातळ होतो, सामू उतरतो, आणि या पाण्याचेच म्हणून असलेले सूक्ष्मजीव हटून कुठल्याही गावतळ्यात सापडणारे जीव त्यांची जागा घेतात. एरवी मासा जगू न शकणाऱ्या तळ्यात मासे दिसू लागणं ही इथे वाईट बातमी ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात लोणारच्या संवर्धनाचा विषय वर्षानुवर्षं गाजतो आहे, तो यामुळेच.

तळ्याकाठच्या गावांचा प्रश्न निघाला की चीनमधल्या हांगझोऊचं उदाहरण आठवतं. तिथलं पश्चिम सरोवर गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरत आलं, तेव्हा नवव्या शतकात बाय ज्युई या कवी-अधिकाऱ्याने बांध घालून पाणी राखलं. पुढे १०९० च्या सुमाराला सू शी या दुसऱ्या कवी-अधिकाऱ्याने हजारो माणसं लावून गाळ उपसला आणि त्याच गाळाचा सुमारे पावणेतीन किलोमीटरांचा बांधरस्ता तळ्यातून काढला. तो आजही आहे. २०११ मध्ये युनेस्कोने ते सरोवर जागतिक वारशात घेतलं. गोड्या, उथळ तळ्याला माणसाने सतत हात लावला म्हणून ते जगलं. लोणारचं तळं आतापर्यंत टिकलं ते त्याच्या पाण्यात कुणी भर घातली नाही म्हणून. दोन्हीकडे धडा एकच: तळ्याचा स्वभाव ओळखून गावाने वागायचं.

सुशोभीकरण, घाट, कारंजी, नौकाविहार यांची भाषा लोणारला लागू पडत नाही. इथली कामं साधी आणि न दिसणारी आहेत. गावाचं सांडपाणी एक थेंबही आत न उतरता, शुद्ध होऊन कड्याच्या बाहेर गेलं पाहिजे. विवराच्या भोवतालच्या पाणलोटात कुठलंही जलसंधारणाचं काम हाती घेण्याआधी त्याचा भूजलावर होणारा परिणाम मोजला पाहिजे. पाण्याची पातळी, सामू आणि क्षारांची नोंद दरमहा जाहीर झाली पाहिजे, म्हणजे बिघाड देऊळ बुडायच्या आधी कळेल. आत माजलेली वेडी बाभूळ काढत राहिलं पाहिजे.

आणि वऱ्हाडातल्या वाचकांनी एक करावं. शेगावला जातो, सिंदखेडराजाला जातो, तसं एकदा लोणारला जावं. जमलं तर उन्हाळा सरता सरता, तळं आपल्या मूळ स्वभावाच्या जवळ असतं तेव्हा. दैत्यसूदनाचं देऊळ पाहावं, धारेचं पाणी पाहावं, कड्यावरून विवर पाहावं. परत आल्यावर आपल्या लोकप्रतिनिधीला सांडपाण्याच्या योजनेचं काय झालं, एवढं विचारावं. लोणार वाचवायला तेवढा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला तरी पुष्कळ काम होईल.